तव्याच्या टेकडीतली फुकणी

संक्रांत जवळ आली आणि रामाकोन्याच्या रस्त्यानं संत्र्याचे बगीचे सुकलेले दिसायला लागले, की माझं डोकं फिरतं. सुकलेले म्हणजे मुद्दाम सुकवलेले. महिनाभर पाणी तोडायचं, झाडाला तहानेनं हैराण करायचं, पानं गुंडाळून गळायला लागली की मग एके दिवशी आळी भरून पाणी सोडायचं. झाड बिचारं घाबरून फुलतं. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. आणि दरवर्षी या दिवसांत शाळेतले कोणी ना कोणी सर मला ऐकवतात, "मॅडम, माणसाचंही असंच असतं बघा, ताण पडला की माणूस फुलतो." फुलतो म्हणे! ज्याला उभ्या जन्मात कधी दोन दिवस तहान काढावी लागली नाही, त्यालाच असलं सुचतं. मी त्यांना चहा घ्यायला सांगते आणि खिडकीबाहेर बघत बसते.

मी महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. शिकवते हिंदीत, रागावते मराठीत. माहेर माझं रामाकोन्यापासून जवळच्या एका गावात, आणि ताणाचे दिवस म्हणजे शाळेच्या हिवाळी सुटीचे दिवस, म्हणून दरवर्षी हे सुकलेले बगीचे ओलांडूनच मी माहेरी जाते. बगीचे संपले की कपाशीची काळी पडलेली पऱ्हाटी, मग तूर, आणि तुरीच्या मागे तव्याची टेकडी. वरून अगदी सपाट, म्हणून तवा. बाजूंना मोठमोठ्या पायऱ्या, जणू एकावर एक पाट रचले आहेत. एवढी मोठी टेकडी, पण चाळिशी उलटेपर्यंत मी तिच्यावर चढले नव्हते. कशाला चढायचं? वर काही नव्हतंच.

हे 'काही नाही' आमच्या लोकांच्या तोंडात बसलेलं आहे. काय केलं जेवायला? काही नाही, भाकर आणि वांग्याचं भरीत. कावून रडून राहिली वं? काही नाही. पाहुण्यासमोर ताट वाढतानाही म्हणतील, काही नाही केलं हो, आणि ताटात जागा नसते. आपसात हे बोलणं गोड लागतं. पण समोर साहेब असला की याच दोन शब्दांचा रंग बदलतो. साहेबाला 'आहे' म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात. कुठे आहे, कोणाचं आहे, आधी का सांगितलं नाही. 'काही नाही साहेब' म्हटलं की साहेब जातो. आमच्या मोहल्ल्यानं पिढ्यान्‌पिढ्या साहेबाला असंच वाटेला लावलं.

माझे बाबा, दशरथ त्यांचं नाव, गावचे कोटवार होते. कोटवार म्हणजे गावातला सरकारचा सगळ्यात खालचा माणूस. डफडं वाजवून मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायची, कोण जन्मलं कोण गेलं ते ठाण्यावर कळवायचं, आणि पटवारी आला, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात तो, की त्याच्या मागे मागे शिवार फिरायचं. बाबांच्या कमरेला पितळेचा बिल्ला होता. त्याला ते चिंच लावून घासायचे. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. कोटवार म्हणत. कागदावरही ते तसंच लिहायचे, नाव न लिहिता नुसतं 'कोटवार', आणि खाली एक रेघ.

आमचा पांढुर्णा जिल्हा नवानवा झाला होता, तेव्हाचा हिवाळा. जिल्हा झाला म्हणजे रस्ते आले, इमारती आल्या, आणि या सगळ्याला गिट्टी, म्हणजे खडी, लागते. तव्याची टेकडी खदानीसाठी द्यायची म्हणून गावात ग्रामसभा बसली. मी सुटीला आलेली, म्हणून बायांच्या घोळक्यात जाऊन बसले. सचिवानं जुना पंचनामा वाचला. "भूमि, पहाड़ चट्टान. मौके पर कुछ नहीं है. साक्षी, कोटवार." झालं! सगळ्या सभेनं माना वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, बिल्ला जमा केलेला. ते खांबाला टेकून बसले होते आणि त्यांची नजर त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर होती.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "काही नाई कसं? फुकणी हाय ना तिथं."

ही जनाआत्या. बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेली, साठी ओलांडलेली, आणि सभेत बाईनं बोलू नये हे तिला कधी कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं तरी तिनं ऐकलं नसावं. फुकणी म्हटल्याबरोबर पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली, कारण आमच्याकडे त्या शब्दावरून एक शिवी आहे. आत्या त्यांच्यावर खेकसली, "हसता कायले बे? चुलीत फुकाची फुकणी राहते, तशी लांबच लांब गुफा हाय पहाडात. आम्ही लाकडाले जाऊन राहिलो होतो तवापासून हाय." सचिव म्हणाला, "अम्मा, कागद में नहीं है." आणि सभा उठली. हरकत द्यायची असेल तर आठ दिवसांत द्या, पटवारी पुन्हा मौका, म्हणजे जागा, पाहायला येतील, असं सांगून ते गेले.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "नेऊन ठेव." सकाळी चुलीपाशी शेकत बसले होते, तिथूनच आत्याला म्हणाले, "जने, ती फुकणी मले दाखव."

"तू पायलीच नाई?" आत्याच्या हातातला चहा थांबला.

"नाई."

"अन् सही करून आला?"

आत्यानं कोपऱ्यातला विळा घेतला, फडक्यात तीन भाकरी आणि ठेचा बांधला आणि चपला घातल्या. "उठ मंग. तू पण चाल वं पोरी, मास्तरीण झाली, पहाड नाई पायला तं काय शिकवशीन पोट्ट्याइले?"

हे तिचं बोलणं माझ्या वर्मी लागलं. मी वर्षानुवर्षं सहावीला ज्वालामुखी शिकवत होते. पुस्तकात एक टोकदार डोंगर, वरून धूर निघतो आहे, परदेशातला. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, अपने यहाँ ज्वालामुखी है क्या?" आणि मी फळा पुसता पुसता म्हटलं होतं, "अपने यहाँ कुछ नहीं है, बेटा." वर्ग ज्या जमिनीवर उभा होता, ती सगळी जमीन लाव्हाची. सातपुड्याच्या या अंगापासून पार खाली दख्खनपर्यंत, कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला लांब लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा थरावर थर सांडत गेला. टोकदार डोंगर नव्हताच कुठे, म्हणून कोणाला ज्वालामुखी दिसत नाही. मी कॉलेजात हे सगळं वाचलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. आणि तरी त्या पोरीला 'कुछ नहीं है' म्हणून बसवलं. बाप तसाच, लेकही तशीच. अजून ती आठवण आली की मला माझाच राग येतो.

आमच्या पांढुर्ण्याचं नाव काढा, बाहेरचा माणूस लगेच गोटमारीचं विचारतो. जाम नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव, आणि वर्षातून एक दिवस एकमेकांवर दगड. आमच्या दगडाबद्दल जगाला एवढंच ठाऊक. तो दगड आला कुठून, हे विचारणारा मला आजवर एकही भेटला नाही.

तर आम्ही तिघं निघालो. नागपूरची मंडळी पाठीवर पिशव्या आणि पायात हजारोंचे बूट घालून ट्रेकला येतात, फोटो काढतात. जनाआत्या उभं आयुष्य डोक्यावर मोळी घेऊन हीच टेकडी उतरली, प्लास्टिकच्या चपलेवर. तिला कोणी ट्रेक म्हटलं नाही. मी कॅनव्हासचे बूट घातले होते आणि पहिल्याच चढाला मुरमावरून घसरून बसले. आत्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. "आडवा पाय टाक," एवढं म्हणाली.

थंडी कोरडी होती. सागाची पानं वाळून तांबडी झालेली, पायाखाली पापडासारखी मोडायची. बोरं पिकली होती, ती आत्या चालता चालता तोडून पदरात टाकायची आणि आंबट निघालं की बाबांना द्यायची. दुसऱ्या पायरीशी लाल मातीचा पट्टा लागला, काळ्या खडकाच्या मधोमध, हातभर रुंद, गेरूसारखा. आत्या म्हणाली, "इथून चूल सारवाले लाल माती नेत होतो आम्ही." मी तिला सांगितलं, आत्या, ही जुनी जमीन आहे. पहिला लाव्हा थंड झाला, त्यावर माती झाली, कदाचित झाडंही उगवली असतील, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून लाल झाली. आत्यानं मातीवर बोट फिरवलं. "म्हंजे तव्यावर आदीच एक भाकर होती, तिच्यावर दुसरी टाकली," म्हणाली. मी चाळीस मिनिटांचा तास घेऊन जे सांगितलं असतं ते तिनं एका वाक्यात आटपलं.

वर काळे खांब होते. पाच-सहा कोनांचे, उभे, एकाला एक चिकटून, कोणी मापानं घडवावेत असे. बाबा पहिल्यांदाच बोलले, "हे कोणं कोरले?"

"कोणी नाही बाबा. लाव्हा थंड होताना आकसला आणि असा तडकला."

"अन् त्या पायऱ्या?"

"त्याही कोणी नाही. एकेक थर आहे तो."

"कोणीच नाई," बाबा म्हणाले, आणि खांबाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या साऱ्या नोकरीत प्रत्येक गोष्ट कोणाची तरी होती. हे शेत याचं, तो बांध त्याचा, ती विहीर अमक्याच्या आजाची. कोणीच न केलेली आणि कोणाचीच नसलेली गोष्ट त्यांनी प्रथमच पाहिली असावी.

फुकणीचं तोंड बोराटीच्या जाळीमागे होतं. आत्यानं विळ्यानं काटे तोडले, आणि आतून कोमट वारा आला. बाहेर नाक गारठलेलं आणि आतून कोमट वारा. खरोखर कोणी पलीकडून फुंकतं आहे असं वाटावं. आधी रांगावं लागलं. आत्या पुढे, मी मध्ये मोबाइलचा उजेड धरून, बाबा मागे. गुडघे सोलले. वाघळांचा वास. मग छत वर गेलं आणि आम्ही उभे राहिलो.

भिंतींवर आडव्या रेघा होत्या, एकीखाली एक, दूध आटत जाताना पातेल्याच्या कडेला राहतात तशा. लाव्हा इथून वाहत गेला, वाहता वाहता ओसरत गेला, आणि प्रत्येक वेळची पातळी भिंतीवर राहिली. जमिनीवर जाड सुरकुत्या. बाहेरचा लाव्हा आधी थिजला, आतला वाहून गेला, आणि मागे ही पोकळी उरली. दगडातल्या बारीक भोकांत पांढऱ्या गारगोट्या चमकत होत्या. मी उजेड फिरवत राहिले. सहावीच्या पुस्तकातला धडा माझ्या माहेरच्या शिवारात होता आणि मी तो पुस्तकातून शिकवत होते!

एका ठिकाणी वरून छताला भोक पडून उजेड आला होता. तिथं भिंतीत एक कोनाडा, आणि कोनाड्यात जर्मनचा लोटा, पालथा घातलेला. आत्या एकदम तिकडे गेली. "हाय ना अजून!" लाकडाला येणाऱ्या बायांनी तो ठेवला होता. भिंतीच्या बुडाशी पाण्याचा झिरा होता, त्यातून लोटा भरायचा, प्यायचं, मोळी टेकवून पाय पसरायचे, आणि जाताना लोटा पालथा घालून ठेवायचा, पुढच्या बाईसाठी. इथे बायांनी पाऊस काढला, सासवांना शिव्या दिल्या, एकीनं इथेच पोराला अंगावर पाजलं. पुरुषांना ही जागा माहीत नव्हती, कारण पुरुष लाकडाला येत नव्हते. आणि साक्ष पुरुषानं दिली होती.

आत्यानं लोटा झिऱ्याखाली धरला. भरायला खूप वेळ लागला. मग तो तिनं भावाच्या हातात दिला. "पी," म्हणाली. "तुया 'काही नाई'चं पानी हाय."

बाबा प्यायले आणि रडले. माझे बाबा आवाज करून रडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. नाक पुसून म्हणाले, "त्या दिवशी पटवारीसाहेब खाली मोहाच्या झाडाखाली बसले होते. ऊन होतं. विचारलं, ऊपर क्या है. घरी तू तापानं फणफणून राहिली होती, पोरी. मले लवकर घरी याचं होतं. म्हून म्हणलं, काही नाई साहेब, पत्थर हाय नुस्ता." माझ्या तापापायी एक टेकडी कागदावरून पुसली गेली होती, आणि मला तो ताप आठवतसुद्धा नव्हता. मी त्यांचा हात धरला. हात थंडगार होता, लोट्यासारखा.

उतरताना श्यामरावकाकांचा बगीचा लागला. काका म्हणजे बाबांच्या बरोबरीचे, जिवाचे. बगीचा ताणावर होता, पानं चुरगळलेली, काका बांधावर बसून झाडांकडे बघत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोटवार, येवढा इचार कायले करून राहिला? शेंदराची डबी मी देतो. एक गोटा उभा कर गुफेत, झेंडा लाव, दोन नारळ फोड. पाय मंग, कोण मशीन आणते ते." काका चेष्टा करत नव्हते, चांगल्या मनानं बोलत होते. आमच्या भागात अशा किती टेकड्या वाचल्या आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

मोहल्ल्यात आलो तर तिथल्या पोरांनी वेगळंच काढलेलं. "बाबा, लेणी म्हणा तिले. मूर्ती आणतो आम्ही बुद्धाची, पंचशील झेंडा लावतो. आपली जागा होऊन जाईन."

बाबा दोन्ही वेळा तेच म्हणाले. "नाई."

घरात भांडण झालं. आत्या म्हणाली, "शेंदूर नको तं नको, मूर्ती ठेवाले काय जाते तुयं? पहाड वाचल्याशी मतलब." आणि खरं सांगते, मीही आत्याच्या बाजूनं होते. मला ते छत, त्या रेघा, तो लोटा हवा होता. कसाही हवा होता. मी बाबांना म्हटलं, "सगळे असंच करतात बाबा. एवढं खोटं चालतं."

बाबा ताडकन उठले. "एकदा खोटं सांगून पायलं ना म्या? त्याच्यानंच तं हे झालं. आता ते निस्तराले दुसरं खोटं सांगू? कोणं केली ती गुफा? तूच म्हनली ना, कोणी नाई केली. मंग तशीच राहू दे. देव नाई म्हून पहाड फोडता येते काय? आपन त्याले आपली म्हनलं नाई तं त्याची काही किंमतच नाई काय?" त्यांचा आवाज चढला होता, मुनादीचा आवाज, गावाच्या दोन्ही टोकांना पोचणारा. शेजारची माणसं दारात आली. मला भीती वाटत होती, कारण बाबांचं खरं होतं, आणि नुसत्या खऱ्यावर टेकडी वाचल्याचं मी कुठे ऐकलं नव्हतं.

पटवारी यायच्या दिवशी सकाळी बाबांनी मोरीवरच्या खुंटीवरून डफडं काढलं. ते डफडं आमच्या घरात एक अवघड वस्तू होती. ते काम आम्ही लोकांनी धम्म घेतल्यावर सोडलं, ते मान म्हणून सोडलं, आणि बाबांनी नोकरीपायी ते शेवटपर्यंत केलं याची मोहल्ल्यातल्या पोरांना लाज वाटायची. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ते टांगलं, ते टांगलंच. आता ते शेकोटीवर धरून चामडं तापवायला लागले तेव्हा एक पोरगं म्हणालं, "बाबा, ते नका वाजवू. सोडलं ना आपन." बाबा म्हणाले, "हुकमानं वाजवाचं सोडलं. आज माह्या मनानं वाजवून राहिलो."

आणि निघाले. चावडीपासून पार संत्र्याच्या बगीच्यापर्यंत. मी आणि आत्या मागे. "ऐका हो ऐका! तव्याच्या टेकडीत गुफा हाय! म्या नाई म्हनलं होतं, ते खोटं होतं! ना देवाची हाय, ना लेणी हाय, लाव्ह्यानं केली हाय! ज्याले पाहाचं हाय त्यानं चालावं!" उभ्या गावासमोर, प्रत्येक चौकात, माणसानं स्वतःचं खोटं स्वतः डफडं वाजवून सांगायचं. माझे कान लाल झाले. दुसऱ्या चौकात मात्र माझ्या लक्षात आलं की मी ताठ चालते आहे. तिसऱ्या चौकात आत्या त्यांच्याबरोबर ओरडायला लागली. श्यामरावकाका खुरपं टाकून आले. मोहल्ल्यातली पोरं आली, तोंड वाकडं करून, पण आली.

पटवारी तरुण होता, बाहेरचा. मोहाखाली खुर्ची टाकून बसला होता, त्याच मोहाखाली. एवढी माणसं बघून चिडला. "किसके आदेश से मुनादी की? आप तो रिटायर हैं."

बाबा म्हणाले, "गलती मेरी थी साहब. त्याले आदेश कायले लागते?"

तो पोरगा बाबांकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ऊपर क्या है?" तोच प्रश्न. मला डफड्याच्या चामड्यावरून बाबांचं बोट घसरल्याचा आवाज ऐकू आला.

"हाय," बाबा म्हणाले. "चला."

तो चढला. चढावंच लागलं त्याला, मागे सगळं गाव होतं. दोनदा घसरला, आत्या त्याच्यावरही 'आडवा पाय टाक' म्हणून डाफरली. रांगत आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा पांढऱ्या शर्टाला पोटापासून माती होती आणि चेहरा पार बदललेला. आत्यानं त्याला लोट्यातलं पाणी पाजलं होतं. त्यानं मांडीवर कागद ठेवून लिहिलं, आणि बाबांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. "मौके पर प्राकृतिक गुफा है, भीतर पानी का स्रोत है." बाबा म्हणाले, "अजून एकदा वाच." मी अजून एकदा वाचलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि साक्षीदाराच्या जागी, अक्षर अक्षर लावत, पूर्ण नाव लिहिलं. आजोबांचं, घराण्याचं, सगळ्यांचं नाव त्या नावात होतं. मी त्यांना कागदावर नाव लिहिताना कधी पाहिलंच नव्हतं.

मग टेकडी वाचली का? लोकांना हेच ऐकायचं असतं. अर्धी वाचली. पुढच्या वर्षी पूर्वेकडची बाजू दिली गेली, तिथे आता काळी उभी भिंत आहे आणि दुपारी सुरुंगाचा आवाज होतो, तेव्हा आमच्या घरची भांडी हलतात. फुकणीची बाजू राखून ठेवली. काही जण म्हणतात, शेंदूर लावला असता तर सगळीच वाचली असती. म्हणोत. मला तोंडावर म्हणाले तर मी तोंडावर उत्तर देते. खोट्यानं पूर्ण मिळाली असती त्यापेक्षा खऱ्यानं अर्धी मिळाली, यावर मी भांडायला तयार आहे. पण कधी कधी ती कापलेली भिंत पाहिली की माझाही धीर सुटतो, हेही लपवत नाही.

बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. डफडं माझ्याकडे आहे, पांढुर्ण्याच्या घरात, हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आणि सहावीला ज्वालामुखी आला की मी पुस्तक मिटते आणि गारगोट्यांनी भरलेला एक काळा दगड टेबलावर ठेवते. "अपने यहाँ है," एवढ्यानं सुरुवात करते.

यंदा पुन्हा ताणाचे दिवस आले. उरलेल्या बाजूसाठी पुन्हा कोणाचा तरी अर्ज आला आहे, असं कळलं म्हणून मी सुटीच्या पहिल्याच दिवशी माहेरी गेले. आत्या आता सत्तरीला टेकली, गुडघे गेलेत, पण उन्हात बसायला अजून मोहापाशीच जाते. आम्ही दोघी तिथं बोरं खात बसलो होतो तर एक जीप आली. तीन पायांवर मशीन मांडून एक माणूस टेकडीकडे बघू लागला. नवा होता, घाईत होता, पाणी मागायला आमच्याकडे आला. पिऊन झाल्यावर, सहज विचारावं तसं, त्यानं विचारलं, "ऊपर कुछ है क्या, अम्मा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आत्यानं माझ्या मांडीवर हात ठेवून मला थांबवलं. पदरातली बोरं माझ्या ओटीत टाकली. झाडाला धरून, एकेक गुडघा सरळ करत उठली, आणि त्या माणसाच्या पायांकडे बघितलं.

"जोडे घट्ट बांध," म्हणाली. "अन् चढताना आडवा पाय टाक."

आणि चालायला लागली.